सुकट तुझी, खिळा माझा

सुजे, तुझ्या जलदान विधीला इतकी माणसं आली की मला राग आला.

तू गेलीस म्हणून रडू यायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण मांडवाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या तरी कधी ना कधी तुझ्या हाताखालून गेलेल्या. मुरूडचे रिक्षावाले, आगरदांड्याच्या फेरीबोटीवरची मुलं, लॉजवाले, पांढरी साडी नेसून आलेल्या कोळणी. एक बाई तर अलिबागहून आल्या होत्या. त्यांची गाडी तू भर पावसात काशीदच्या उतारावर चालू करून दिली होतीस म्हणे. मी तुझी सख्खी थोरली बहीण, आणि मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. ‘तुम्ही सुजाताताईंच्या कोण?’ असं मला बायकांनी विचारलं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण माझ्या वेळी शाळेतले चार मास्तर येतील आणि उद्या सुट्टी आहे का, ते विचारून जातील.

शोकसभेत माझं नाव पुकारलं. मास्तरीण आहे म्हटल्यावर बोलणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी भाषण तयार करून नेलं होतं, चांगलं होतं. पण उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. घसा दाटला असेल असं लोकांना वाटलं. खरं सांगायचं तर त्या सकाळी दिघीच्या जेट्टीवर जे झालं होतं, ते सोडून मला दुसरं काही बोलायचंच नव्हतं, आणि ते फक्त तुलाच सांगण्यासारखं होतं. म्हणून आता लिहितेय. तू मध्येच तोंड घालणार नाहीस, एवढा एक फायदा आहे.

माझा जळफळाट तुला नवा नाही. तू त्याला ‘ताईचा ओव्हरहीट’ म्हणायचीस आणि वर हसायचीस. पण तो सुरू कुठून झाला, ते आपण कधी बोललो नाही. अण्णांच्या गॅरेजातून झाला. हायवेच्या कडेचं ते पत्र्याचं गॅरेज, बाहेर टायरांची चळत, आत तेलाचा वास, आणि कोपऱ्यात एक रिकामं ड्रम. त्या ड्रमवर पोतं घातलेलं असायचं. ते पोतं माझ्यासाठी होतं. शाळा सुटली की आपण दोघी तिथं जायचो. तू थेट गाडीखाली, आणि मी ड्रमवर. फ्रॉकला डाग लागू नये म्हणून अण्णा स्वतः पोतं झटकून द्यायचे. ‘तू वर बस. वाच,’ म्हणायचे. आपल्या वाडीतली पहिली मास्तरीण व्हायची होती ना मी. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं त्यांना खपायचं नाही. तुला गणितात भोपळा मिळाला तेव्हा त्यांनी तुझ्या हातात पाना दिला, आणि मला पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा पोतं. लोक म्हणायचे, थोरलीचे लाड आहेत. मला तर ती शिक्षाच वाटायची.

ड्रमवरून मला सगळं दिसायचं. पुस्तक उघडं ठेवून मी तुमच्याकडेच बघत असायचे, हे तुम्हाला दोघांनाही कधी कळलं नाही. एखादी जीप यायची, इंजिन मिसिंग करत, लंगडत लंगडत. चार सिलिंडरांतला एक काम करत नाही, बाकीचे तीन त्याला ओढतायत. अण्णा तुला शिकवायचे की नुसतं ऐकून कुठला ते कळत नाही. एकेकाची प्लगची वायर काढून बघायची. काढल्यावर आवाज पडला, गाडी थरथरली, तर तो सिलिंडर जिवंत. वायर परत लावायची आणि पुढचा बघायचा. ज्याची वायर काढली तरी आवाजात काही फरक पडत नाही, तोच मेलेला. तू पक्कड घेऊन वायरी काढायचीस, अण्णा नुसते कान देऊन उभे राहायचे, आणि तुमचं दोघांचं एकदम व्हायचं, ‘हाच!’ मग अण्णा तुझ्या डोक्यावर काळ्या हातानं टपली मारायचे. ती टपली मला हवी होती. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी हात ठेवलाच, तर आधी धुऊन, पुसून ठेवला.

त्या वयात मी एक खुळा खेळ खेळायचे, मनातल्या मनात. आपल्या घरातल्या एकेकाची वायर काढून बघायचे. आई गेली मावशीकडे, तर चूल अडायची. तू म्हसळ्याला आत्याकडे राहायला गेलीस, तर अण्णा जेवताना बोलायचे नाहीत, नटाला भलताच पाना लावायचे आणि सुट्टी संपायच्या आतच तुला घेऊन यायचे. मी महाडला डीएडला गेले, महिन्यानं घरी आले, तर अण्णा म्हणाले, ‘अरे, तू गेली व्हतीस व्हय?’ ते गंमत करत होते की नव्हते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आवाजात फरक पडला नाही एवढं मात्र मला कळलं.

आणि मग पुढं काय झालं बघ. लग्न होऊन तू मुरूडला गेलीस, खाडीपलीकडे. आई गेली, गॅरेज बंद झालं, आणि अण्णा माझ्याकडे राहायला आले. त्यांचं पथ्यपाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, कानाचं यंत्र जे ते कधी लावत नाहीत, सगळं माझ्याकडे. तू यायचीस दोन महिन्यांतून एकदा, फेरी पकडून, दुपारच्या जेवणाला. येताना सुकट आणायचीस, जवळा आणायचीस, बोंबील आणायचीस. अण्णा दारात खुर्ची टाकून बसायचे. तू उंबरठ्यापासूनच मोठ्यानं बोलायला लागायचीस, म्हणून तुझं त्यांना ऐकू यायचं. माझं नाही यायचं. मी हळू बोलते, शाळेत बोलून घसा जातो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मला रोज ताटावर दिसायचं. मी केलेली भाकरी मुकाट खाल्ली जायची, आणि तुझी सुकट ताटात आली की ‘सुजीनं आणली!’ अगं, भाजली मी, कांदा मी घातला, कोकम मी टाकलं.

म्हणून मी तुझी सुकट घरात घ्यायची बंद केली. वास येतो म्हणून सांगितलं तुला. पडवीत गाडी उभी असते तिथल्या खिळ्याला मी ती पिशवी टांगायचे आणि लागेल तेवढी काढून आणायचे. तू ती पिशवी तिथं बघितलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि काही बोलली नाहीस. एवढी बोलघेवडी तू, पण नको तिथं गप्प बसायचीस.

आता माझ्या गाडीचं. तीही तूच पसंत केलेली, जुनी पण चांगली, असं म्हणून. तिनं यंदा मिसिंग सुरू केलं. रोज नाही, कधीतरी. चढण आली की धक्के द्यायची, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची. तू आलीस, चावी घेतलीस, शाळेपर्यंत एक चक्कर मारून आलीस आणि अण्णांच्या पुढ्यात जाहीर केलंस, ‘ताई, कॉइल गेलीय. तीन नंबरच्या सिलिंडरची. लिहून घे.’ बॉनेट उघडलंही नव्हतंस. अण्णा अशी मान हलवत होते जणू निकालच लागला.

मला गाडीतलं काही कळत नाही हे कबूल. पण त्या क्षणी तू कॉइल म्हणालीस म्हणून ती कॉइल नव्हती. मी म्हटलं, ‘वायरिंगचं काहीतरी असणार.’ कशावरून, तर कशावरूनच नाही. तू हसलीस. पुढच्या खेपेला तू नवी कॉइल घेऊनच आलीस आणि मी बॉनेटला हात लावू दिला नाही. मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवीन म्हणाले. माझ्या ओळखीचा मेकॅनिक! अख्ख्या माणगावात मला तुझ्याशिवाय आणि अण्णांशिवाय एक मेकॅनिक माहीत नाही. तू कॉइल डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलीस, तुझी पान्यांची थैली डिकीत टाकलीस आणि म्हणालीस, ‘ठेवून जाते. अक्कल आली की लाव.’ मी चहा विचारला नाही. तू मागूनच घेतलास.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं तेही याच्यावरूनच. पैज लावलीस. कॉइल निघाली तर मी सगळ्यांसमोर म्हणायचं, सुजी बरोबर. नाही निघाली तर तू म्हणायचंस, ताई बरोबर. ‘तुझ्या तोंडून ते ऐकायला मला मरावं लागेल,’ असं मी म्हणाले होते. मी म्हणाले होते, तू नाही. नियम काय असतो गं? बोलेल त्यानं आधी जायचं ना? तिथंही तू पुढं घुसलीस. रांग मोडायची तुझी सवय जुनीच.

जलदानाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच निघालो, मी आणि अण्णा. आमचे हे आदल्या दिवशीच तुझ्याकडे मदतीला गेले होते. अण्णांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्री मीच केलेली. तू गेल्यापासून ते माझ्याशी फारसं बोलले नव्हते. रडलेही नव्हते. नुसते दारात खुर्ची टाकून बसायचे, तू यायच्या वाटेकडे तोंड करून. म्हसळ्यापर्यंत गाडी नीट चालली. बोर्लीच्या पुढं चढणीला लागली आणि तिनं धक्के द्यायला सुरुवात केली. दिवा लागला. अण्णांना ऐकू काही येत नाही, पण त्यांनी सीटवर तळवा टेकला आणि डोळे मिटले.

‘एक मिस हाय,’ म्हणाले. आणि लगेच पुढं, अगदी रोजच्यासारखं, ‘सुजीला फोन लाव.’

मी गिअर बदलला. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. सुजे, तुझं दुःख मला तोवर झालं नव्हतं असं नाही. पण त्या वाक्यानं मला दुःख झालं नाही, नुसती आग झाली. मी शेजारी बसलेय, स्टिअरिंग माझ्या हातात आहे, रोज सकाळी तुमच्या गोळ्या मी मोजून देते, आणि गाडी अडली की फोन अजून तिलाच? ती नाहीये आता. आता तरी मी आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी म्हणाले फक्त एवढंच, ‘अण्णा, मी आहे ना.’ नेहमीप्रमाणे हळू. त्यांना ऐकू आलं नसावं.

दिघीच्या जेट्टीवर पोचेपर्यंत गाडी बंद पडायच्या बेतात आली. फेरी पलीकडून निघालेली दिसत होती. मी बोटीकडे हात करून अण्णांना म्हटलं, गाडी इथंच ठेवू, पायी बोटीत चढू, दिनेशराव पलीकडे कुणाला तरी घ्यायला पाठवतील. तुझा नवरा त्या दिवशीही धावून आला असता, हे मला माहीत होतं. पण अण्णा ऐकेनात. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसातलं सर्वात लांब वाक्य बोलले.

‘सुजीच्या दारात समदे गॅरेजवाले मिस्त्री उभे असतील. तिच्या बापाची गाडी बंद पडली म्हनून तो बोटीतनं पायी आला, असं मी त्यास्नी दिसू देनार न्हाय. बॉनेट उघड.’

आणि ते मनापासून बोलत होते. तुझा निरोप घ्यायला त्यांना नीट चालणारी गाडी घेऊन जायचं होतं. दुसरं काही आणण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतंच.

त्यांचे हात तू बघितले आहेस. पाण्याचा पेला धरला तरी सांडतो. त्यांनी डिकीतून तुझी थैली काढायला लावली, स्वतः गाडीच्या पुढं दगडावर बसले आणि हात गुडघ्यांखाली दाबून धरले. मागच्या रांगेतला एक टेम्पोवाला पुढं आला. चांगला माणूस होता, म्हणाला, काका, मी बघू का? माझा जीव भांड्यात पडला. मी बाजूला सरकलेही. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं.

‘नको. ही करील.’

सुजे, मी कधी नव्हे ते ड्रमवरून खाली उतरले.

आता नीट ऐक, यातलं तुला सगळं कळेल आणि म्हणूनच तुला सांगायला मजा आहे. मागच्या अंगाचं प्लास्टिकचं झाकण अण्णांनी काढूच दिलं नाही आधी. आता प्लगच्या वायरींच्या जागी कॉइल असतात, त्यांच्या पिना पुढूनच हाताला लागतायत, त्यानं भागेल म्हणाले. इंजिन बंद करून एकेक पिन काढायची, चालू करून बघायचं, मग परत लावायची. पहिल्याची काढली, गाडी थरथरली. अण्णांनी बंपरवर तळवा ठेवला होता, त्यांनी मान हलवली, जिवंत. दुसऱ्याची काढली, तेच. तिसऱ्याची काढली आणि काही झालं नाही. आवाज होता तसाच राहिला. अण्णा आणि मी एकदम म्हणालो, ‘हाच.’

एकदम म्हणालो गं. मला हरखून जायचं होतं, पण तीन नंबर तू बॉनेट न उघडता सांगितला होतास. अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. ‘सुजीनं सांगितलेलं,’ म्हणाले. ‘तिची कॉइल हाय ना कप्प्यात? लाव.’ मी तुझी कॉइल काढली. दहाचा पाना कसा धरायचा ते मला माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं होतं. जुनी काढली, तुझी बसवली, पिन लावली. किल्ली फिरवली. मी मनात प्रार्थना करत होते, आणि ती कोणती ते तुला सांगायला मला लाज वाटत नाही. कॉइल नसू दे, अशी.

गाडी तशीच लंगडत होती.

फेरी धक्क्याला लागत होती, तुझ्या जलदानाला उशीर होत होता, तू गेलेली होतीस, आणि मला आनंद झाला. चांगला उकळ्या फुटणारा. तू चुकलीस! अण्णांसमोर चुकलीस! मी झटकन त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका बारीक झाला होता की मला माझा आनंद लपवावा लागला. ‘नीट बसली न्हाय का पिन?’ त्यांनी विचारलं. मी पुन्हा दाबून दाखवली. नीट बसली होती. तू चुकू शकतेस हे त्यांना तू मेलीस त्याहून अवघड जात होतं, असं मला वाटलं. असं वाटणं वाईट आहे, पण वाटलं.

मग त्यांनी झाकण काढायला सांगितलं. आणि थैलीतला लांब स्क्रू ड्रायव्हर. तो तुझा लाकडी मुठीचा, गॅरेजातलाच, तू लग्नात भांड्यांबरोबर घेऊन गेलीस तो. त्याचं टोक इंजेक्टरवर टेकायचं आणि मूठ कानाला लावायची, मग आतली टिकटिक ऐकू येते, पेट्रोल सोडतोय की नाही ते कळतं. तू हे करताना मी ड्रमवरून शंभरदा बघितलंय. अण्णा म्हणाले, ‘मला ऐकू येत न्हाय. तू ऐक आनि मला सांग.’

मी मूठ कानाला लावली. मुठीला अजून तुझ्या हाताचा घाम आणि ग्रीस होतं, माझ्या गालाला लागलं. पहिला टिकटिक करत होता. दुसरा करत होता. चौथा करत होता. तिसरा गप्प होता. मी मोठ्यानं म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा अण्णांशी इतक्या मोठ्यानं बोलले असेन, ‘तिसरा गप्प आहे, अण्णा!’ आणि त्यांना ऐकू आलं.

‘मग तेल येत न्हाय त्याला. वायर बघ त्याची. बोटानं मागं मागं जा.’

वायरीवरून बोट मागं नेत गेले, आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, एका उबदार खबदाडात माझा हात मऊ कशाला तरी लागला. किंचाळले नाही, टेम्पोवाला बघत होता म्हणून. ते घरटं होतं. काथ्या, पिशवीच्या चिंध्या, आणि मध्ये सुकटीची डोकी. सुजे, तुझी सुकट! उंदरानं पडवीतल्या पिशवीतून एकेक करून नेलेली आणि तिथं बसून ऐषआरामात खाल्लेली. मांजर पिशवी फाडतंय असं मी समजत होते. जेवण झाल्यावर त्यानं तोंड पुसल्यासारखी वायर कुरतडली होती. तांब्याचे दोन धागे तेवढे शिल्लक होते. गाडी हलली की ते सुटायचे, परत टेकायचे. म्हणून ती कधी चालायची, कधी नाही.

मी ती डोकी तळहातावर घेऊन अण्णांना दाखवली. त्यांनी वाकून बघितली, वास घेतला. मग माझ्याकडे वर बघितलं. त्या पिशवीचं, त्या खिळ्याचं त्यांना सगळं ठाऊक होतं गं. दारात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला सगळं दिसतं.

‘सुकट तिची, खिळा तुझा,’ म्हणाले. आणि हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले, तिला काळा डाग पडला. तू गेल्यापासून ते पहिल्यांदा रडले, आणि ते माझ्या समोर. तुझ्यासाठीच रडले, माहीत आहे मला. पण माझ्या समोर.

वायर कशी सोलायची, कशी पीळ देऊन जोडायची, टेप किती ओढून गुंडाळायची, ते सगळं त्यांनी मला दगडावर बसून सांगितलं. ‘घाई करू नको, हां, असंच, आता वळव.’ ज्या आवाजात ते तुझ्याशी बोलायचे त्याच आवाजात. मी कॉलेजात, शाळेत इतकं शिकले, पण एवढ्याच एका शिक्षणासाठी मी जन्मभर पुस्तक उघडं धरून बसले होते. ते मला मिळालं, आणि त्यासाठी तुला जावं लागलं. याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. तुझे आभार मानू, तर ते कसले? भांडू, तर कोणाशी?

किल्ली फिरवली आणि इंजिन एका लयीत चालू झालं. चारही. अण्णांनी बंपरवर तळवा ठेवला, मान हलवली, आणि मग उठून माझ्या डोक्यावर टपली मारली. बंपरला टेकून काळ्या झालेल्या हातानं. पांढरी साडी, केसांना ग्रीस, अशी मी तुझ्या दारात आले. लोक बघत होते. मी पुसलं नाही.

पैज मी जिंकले. वायरिंग होतं. कशावरूनच नाही म्हटलं होतं, पण होतं. तुझी कॉइल मात्र मी काढली नाही. जुनीही चांगली होती, पण आता तुझीच राहू दे. तीन नंबर तू बरोबर सांगितला होतास, हेही मान्य करते, इथं, कागदावर, कुणी बघत नसताना.

आता शेवटचं. मांडवात शिरलो तेव्हा तुझे सगळे मिस्त्री अण्णांभोवती जमले. कुणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, गाडी चांगली बसलीय आवाजाला, कुणी केली? अण्णा तुझ्यासारखं मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘माझ्या थोरलीनं. जेट्टीवर. वायर शोधून काढली. सुजीचा अंदाज चुकला, हिनं बरोबर पकडलं.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हे वाक्य लहानपणापासून मनात लिहून ठेवलं होतं, तुझं नाव घालून, माझं नाव घालून, असंच्या असं. आणि ते ऐकल्याबरोबर मी काय केलं सांगू? मी तुला शोधलं. तुझं तोंड कसं होतं ते बघायला. तू कशी नाक उडवतेस, कशी म्हणतेस, ‘अण्णा, कॉइल पण जुनी झालीच होती हं’, कशी जळून खाक होतेस, ते बघायला मी मांडवभर नजर फिरवली. पुढं टेबलावर बुद्धाच्या मूर्तीशेजारी तुझा फोटो होता, हार घातलेला. त्यात तू हसत होतीस. तुला काही वाटलेलंच नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं, आणि मी उभी राहिले, आणि मला बोलता आलं नाही.

एकदा तरी माझ्यावर जळायचं होतंस गं, सुजे.